स्टोइक सराव कुठून सुरू करायचा: पायऱ्यांचा क्रम, खबरदारी आणि नेहमीच्या चुका

प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञानाबद्दल थोडंफार वाचलं की बहुतेक जण एकच वाक्य उचलतात: जे माझ्या हातात नाही, त्याचा त्रास करून घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या व्हरायटी चौकात कुणी सिग्नल तोडून गाडीला घासून जातं, ऑफिसात साहेब चार लोकांसमोर बोलतात, संध्याकाळी भावाचा प्लॉटवरून फोन येतो. तिन्ही वेळा ते वाक्य आठवतं आणि तिन्ही वेळा त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. मग माणूस एक तर सगळं सोडून देतो, नाही तर दात-ओठ खात गप्प राहायला शिकतो आणि त्यालाच शांती म्हणू लागतो.

चूक क्रमात आहे. हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करणं ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे घडलेल्या गोष्टीवर आपण मनात काय शेरा मारला, ते पकडणं. एपिक्टीटस या स्टोइक गुरूचं सांगणं असं की माणसाला गोष्टी अस्वस्थ करत नाहीत, गोष्टींबद्दलची त्याची मतं करतात. ते मत दिसलंच नाही, तर वेगळं काय करणार? म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा आणि एक जमल्याशिवाय पुढची धरू नका. सगळं मिळून दीड-दोन महिने लागतात.

## सुरू करण्याआधी

वही. साधी दोनशे पानी वही आणि पेन घ्या. मोबाइलवर लिहू नका, कारण लिहिता लिहिता वरून मेसेज येतो आणि वीस मिनिटं तिथेच जातात. स्टोइक विचारांचा मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता, तरी स्वतःसाठी टिपणं लिहायचा. आज जगभर वाचली जाणारी ती टिपणं छापण्यासाठी नव्हती, स्वतःला आठवण राहावी म्हणून होती. तुमची वहीही कुणाला दाखवायची नाही.

एकच विषय. आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आधी काढू नका. रोज घडणारी, छोटी, टोचणारी गोष्ट घ्या: पार्किंगवरून शेजाऱ्यांशी होणारी कटकट, रात्री दहाला येणारा ऑफिसचा मेसेज, मुलाचा अभ्यास. रोज घडतं म्हणून रोज सराव होतो.

जाहीर करू नका. 'मी आता स्टोइक झालो' असं घरी सांगितलं, की पुढच्याच भांडणात ते तुमच्या तोंडावर फेकलं जाईल. एपिक्टीटसचा सल्लाही हाच आहे: अडाण्यांपुढे तत्त्वं बोलून दाखवू नकोस, त्यातून जे उतरतं ते वागण्यात दिसू दे.

वाचन. एपिक्टीटसने स्वतः काही लिहिलं नाही. त्याचा शिष्य एरियन याने त्याच्या शिकवणीतून एक छोटी हातपोथी काढली, तिची 53 छोटी प्रकरणं आहेत. पहिली पाच वाचा आणि कामाला लागा. दहा पुस्तकं वाचून मग सुरू करू म्हणणारे सुरू करत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

> थांबा, आधी हे तपासा. दोन आठवड्यांपासून झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही किंवा जगणं नको वाटतं, असं असेल तर हा सराव आत्ता तुमच्यासाठी नाही. मेडिकलमधल्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या) मानसोपचार विभागात जा किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं. उपचार घेणं हेही आपल्या हातातलंच काम आहे.

## पायरी 1: रात्रीची वही (पहिला आठवडा फक्त हीच)

सेनेका या रोमन स्टोइक लेखकाने क्रोधावरच्या आपल्या ग्रंथात स्वतःची रात्रीची सवय सांगितली आहे. दिवा काढून नेला, बायको गप्प झाली की तो संपूर्ण दिवस तपासायचा. काही लपवायचं नाही, काही गाळायचं नाही. चूक सापडली की स्वतःला सांगायचं: पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं.

झोपण्याआधी दिवसातला एकच प्रसंग घ्या आणि चार ओळी लिहा:

1. काय घडलं?
2. मी मनात काय म्हटलं?
3. मी काय केलं?
4. उद्या तसंच घडलं तर काय करेन?

पहिल्या ओळीवर सगळं अवलंबून आहे. ती अशी हवी की बाजूला उभ्या तिऱ्हाईतानेही मान डोलवली पाहिजे. 'साहेबांनी अपमान केला' ही घटना नाही. 'साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हा रिपोर्ट परत करून आणा' ही घटना आहे. अपमान हा शब्द दुसऱ्या ओळीत जातो, कारण तो तुम्ही जोडलेला आहे. मार्कस स्वतःला हेच बजावतो: अमका तुझ्याबद्दल वाईट बोलला एवढी खबर आली, त्यात तुझं नुकसान झालं अशी खबर आलेली नाही. मूल आजारी आहे हे मला दिसतं, ते धोक्यात आहे हे दिसत नाही.

दुसऱ्या ओळीत 'मला राग आला' एवढ्यावर सोडू नका. राग हा परिणाम आहे. त्याच्या आधी एक वाक्य असतं, ते शोधा. बहुतेक वेळा ते असं निघतं: 'त्यानं माझ्याशी असं वागायलाच नको होतं.' 'लोक काय म्हणतील?' 'आता सगळं संपलं.' 'मी एवढं केलं आणि याला किंमत नाही.' वाक्य जसं मनात आलं तसंच, आपल्या वऱ्हाडी ठसक्यात, शिवी असेल तर शिवीसकट लिहा. शुद्ध भाषेत लिहायला गेलात की ते सभ्य होतं आणि खरं राहत नाही.

नेहमीची चूक: वहीचा फटके मारायला वापर. 'मी किती नालायक आहे' असं तिसऱ्या ओळीत दिसू लागलं, तर ओळ खोडा आणि नुसती कृती लिहा: 'आवाज चढवला. दार आपटलं.' आपल्याकडे पश्चात्तापाची एवढी सवय आहे की तपासणी आणि स्वतःला कोसणं यांतला फरकच कळत नाही. तपासणीतून चौथी ओळ निघते. कोसण्यातून काहीच निघत नाही.

तपासा: सात रात्रींनंतर फक्त दुसऱ्या ओळी वाचा. दोन-तीन वाक्यं वेगवेगळ्या प्रसंगांत परत परत आलेली दिसतील. ती सापडली तर पुढे चला. नाही सापडली तर आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## पायरी 2: वाटणी

आता वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे माझं, उजवीकडे माझं नसलेलं. एपिक्टीटसच्या यादीत माझं काय, तर माझं मत, काही करण्याचा माझा निर्णय, माझी इच्छा आणि माझा नकार. माझं नसलेलं काय, तर शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद.

यादी वाचताना शरीर उजवीकडे पाहून लोक अडखळतात. व्यायाम करणं माझं आहे, आजार न होणं माझं नाही. तेवढाच अर्थ आहे.

सगळ्यात मोठी चूक: 'थोडं माझ्या हातात' असा तिसरा रकाना. मुलीची नीटची परीक्षा घ्या. पालक म्हणतात, निकाल थोडा आमच्याही हातात आहे ना! तिसरा रकाना केला की सगळी काळजी त्यात जाऊन बसते आणि वाटणी होतच नाही. त्याऐवजी गोष्ट फोडा. तिला शांत जागा देणं, फी वेळेवर भरणं, जेवताना मार्कांचा विषय न काढणं: डावीकडे. पेपर कसा निघेल, कटऑफ किती लागेल, ती त्या दिवशी काय लिहील: उजवीकडे. स्टोइकांचा जुना दाखला तिरंदाजाचा आहे. नेम नीट धरणं आणि बाण नीट सोडणं त्याचं काम. बाण सुटल्यावर वारा आला, लक्ष्य हललं, ते त्याच्याकडे नाही.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची: 'हातात नाही' म्हणजे 'मला काय त्याचं'. सप्टेंबर 2023 मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि कितीतरी घरांत पाणी शिरलं. पाऊस उजव्या रकान्यात आहे, यात शंका नाही. पण कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवणं, विमा काढणं, शेजारच्या एकट्या आजींना वर आणणं, नाल्यातला गाळ निघाला नाही म्हणून महापालिकेकडे लेखी तक्रार करणं आणि तिचा पाठपुरावा करणं, हे सगळं डावीकडे आहे. जो माणूस स्टोइकांचं नाव घेऊन तक्रारही करत नाही, त्याने डावा रकाना लिहिलेलाच नाही. माझ्या मते या तत्त्वज्ञानाची सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते.

तपासा: डावीकडची प्रत्येक ओळ 'मी' ने सुरू होऊन क्रियापदाने संपते का? 'तो सुधारला पाहिजे' अशी ओळ तिथे असेल तर ती उजवीकडे न्या.

## पायरी 3: सकाळची पाच मिनिटं

तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी, मोबाइल हातात घेण्याआधी, आजच्या दिवसात काय आडवं येऊ शकतं ते ठरवून पाहा. मार्कस उठल्याबरोबर स्वतःला सांगायचा की आज मला लुडबुड करणारे, कृतघ्न, उद्धट लोक भेटणार आहेत. एपिक्टीटस सार्वजनिक स्नानगृहाचं उदाहरण देतो: तिथे लोक पाणी उडवतात, धक्के देतात, शिव्या देतात, चोऱ्या करतात. जाण्याआधीच म्हण की मला आंघोळ करायची आहे आणि मन ठिकाणावरही ठेवायचं आहे.

हे नागपुरात करा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, विधानभवनाच्या बाजूचे रस्ते अडवलेले असतात. घरून निघतानाच म्हणा: 'आज झिरो माइलकडून वळसा पडेल. मला वेळेवर पोहोचायचं आहे, काही आडवं आलं नाही तर पोहोचेन, आणि पोहोचेपर्यंत कुणावर खेकसणार नाही.' यातलं 'काही आडवं आलं नाही तर' फार महत्त्वाचं आहे. सेनेका प्रत्येक बेताला ही अट जोडायला सांगतो. अट जोडली की बेत मोडल्यावर फसवल्यासारखं वाटत नाही. आणि हो, घरून वीस मिनिटं आधीही निघा. मनाची तयारी केली म्हणून रस्ता मोकळा होत नाही.

> खबरदारी: ही काळजीची यादी होऊ देऊ नका. प्रत्येक अडचणीपुढे 'तेव्हा मी असं वागेन' हे लिहिलं की पुढच्या अडचणीकडे जा, जास्तीत जास्त तीन. छाती धडधडू लागली, एकातून दुसरी शंका निघू लागली, तर तुम्ही तयारी सोडून चिंता करत आहात. उठा, अंगण झाडा, चहा ठेवा, आजचा दिवस सोडून द्या.

## पायरी 4: नेमक्या त्या क्षणी

इथपर्यंतची मेहनत या क्षणासाठी आहे, आणि इथेच लोक स्वतःकडून नको ती अपेक्षा करतात. अंगात काही हललंच नाही पाहिजे, असं त्यांना वाटतं. स्टोइकांनी असं कधीच म्हटलं नाही.

ऑलस गेलियस या रोमन लेखकाने एक प्रसंग नोंदवला आहे. जहाज वादळात सापडलं. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता, आणि त्याचाही चेहरा पांढरा पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला की मी नाही घाबरलो, तू कसा घाबरलास? नंतर गेलियसने त्या तत्त्वज्ञाला नीट विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून एरियनने उतरवलेलं एपिक्टीटसच्या शिकवणीचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की पहिला धक्का शहाण्यालाही बसतो. चेहरा उतरतो, अंग आकसतं. तो आपल्या मर्जीने येत नाही आणि त्याचा दोषही नाही. शहाणा फक्त त्या धक्क्याला 'हो, हे खरंच भयंकर आहे' अशी संमती देत नाही.

म्हणून क्रम असा:

1. धक्का येऊ द्या. कान तापले, हात थरथरले, तापू द्या. त्याच्याशी भांडू नका.
2. तोंड आणि बोटं थांबवा. सेनेका म्हणतो, क्रोधावर सगळ्यात मोठा उपाय म्हणजे उशीर. समोरासमोर असाल तर 'मला दोन मिनिटं द्या' म्हणा. फॅमिली ग्रुपवर असेल तर सकाळपर्यंत उत्तर नाही. व्हॉइस मेसेज तर मुळीच नाही, कारण त्यात आवाजच सगळं सांगून जातो.
3. पहिली ओळ मनात म्हणा. घटना, शेऱ्याशिवाय. 'त्याने मला न विचारता गाडी गेटसमोर लावली.'
4. शेरा ओळखा. वहीत परत परत आलेल्या वाक्यांपैकीच एक असेल: 'हा मला काही समजतच नाही.' ते ओळखीचं वाटलं की त्याचा अर्धा जोर तिथेच जातो.
5. डावा रकाना आठवा आणि त्यातलं एक काम करा. बेल वाजवा. 'भाऊ, गाडी थोडी मागे घेता का? मला निघायचं आहे.'

पाचवी गोष्ट करायची राहिली तर पहिल्या चार वाया जातात. नुसतं गिळून टाकणं म्हणजे सराव नव्हे.

तपासा: तासाभराने पाहा, मनात अजून त्या माणसाशी वाद सुरू आहे का? असेल तर तुम्ही फक्त तोंड बंद केलंत, शेरा तसाच राहिला. रात्री हाच प्रसंग वहीत घ्या. सुरुवातीला दहापैकी आठ वेळा असंच होईल, त्याने खचू नका. आधी प्रसंगानंतर रात्री लक्षात येतं, मग तासाभराने, मग बोलता बोलता, आणि पुष्कळ पुढे बोलण्याआधी.

## पायरी 5: नात्यातलं आपलं काम

आता जवळची माणसं. बेसा किंवा उमरेड रोडवरचा वडिलांचा प्लॉट, आणि दोन भाऊ बोलत नाहीत, हे चित्र कितीतरी घरांत आहे. एपिक्टीटस नेमकं भावाचंच उदाहरण घेतो. प्रत्येक गोष्टीला दोन कड्या असतात, तो म्हणतो. भाऊ अन्यायाने वागला, तर 'त्याने अन्याय केला' ही कडी धरू नकोस, तिने उचलता येत नाही. 'तो माझा भाऊ आहे, आम्ही एकत्र वाढलो' ही धर.

वहीत लिहा: भाऊ म्हणून माझं काम काय? तो त्याचं काम करतो की नाही, हा प्रश्न या पानावर नाही. दिवाळीला फोन करणं, आईच्या औषधांचा हिशेब वेळेवर देणं, पुतण्याला आहेर करणं, पोरांसमोर त्याच्याबद्दल वाईट न बोलणं.

याचा अर्थ प्लॉट सोडून द्या असा नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या, सातबारा आणि फेरफार काढा, वकिलाचा सल्ला घ्या, हक्क मागा. हक्क मागताना तो भाऊ राहील असं वागा, एवढंच.

> खबरदारी: मारहाण, धमकी, छळ होत असेल तर हे पान बंद करा. सहन करणं हे कुठल्याही नात्यातलं काम नाही. 112 वर फोन करा. बायकांसाठी 181 आहे.

## पायरी 6: ठरवून घेतलेली गैरसोय

ही शेवटी, आणि महिन्यातून दोन-तीन दिवस. सेनेका आपल्या मित्राला लिहितो की काही दिवस अगदी स्वस्तातलं, थोडं अन्न खा, जाडंभरडं घाल आणि मग स्वतःला विचार: याचीच मला भीती होती का?

दिवसभर बेसन-भाकर किंवा नुसतं वरण-भात. गाडी घरी ठेवून शहरातली 'आपली बस'. फोन कपाटात. डिसेंबर-जानेवारीत गार पाण्याची आंघोळ. रात्री वहीत दोनच ओळी: कशाची भीती होती, प्रत्यक्षात कसं गेलं.

> नागपूरकरांसाठी कडक सूचना: मार्च ते जून ही पायरी करू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर जातो. तेव्हा उपाशी राहणं, दुपारी पायी फिरणं, कूलर बंद करणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. साखर, बीपी किंवा कुठलंही औषध सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बदलू नका. गैरसोय स्वतःची करा, घरच्यांची नाही. तुमच्या सरावासाठी आईने गरमीत का झोपावं?

त्या दिवशी त्याचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. टाकला की सराव कौतुकाचा झाला, आणि कौतुक उजव्या रकान्यात आहे.

## प्रगती कशी मोजायची

एपिक्टीटसची मोजणी सोपी आहे. आधी मी रोज चिडायचो, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन. सलग तीस दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखव, असं तो सांगतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ज्या दिवशी आवाज चढला नाही त्या तारखेवर टिंब द्या. सलग किती टिंबं येतात ते पाहा. एखादा दिवस चुकला म्हणून मागची टिंबं पुसू नका.

## अडलं तर

दोन आठवडे वही राहून गेली. मागचं भरून काढायचा प्रयत्न नको. आज रात्री पायरी 1, बाकी सगळं बाजूला.

घरचे म्हणतात, तू कोरडा झालास. त्यांचं ऐका, बहुधा ते बरोबर असतात. तुम्ही शेरे तपासायच्या ऐवजी माया आवरू लागला आहात. आठवडाभर पायरी 5 सोडून काहीच करू नका.

घरात कुणी गेलं. वही बंद ठेवा आणि रडा. सेनेका मित्राच्या मृत्यूनंतर खूप रडला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. डोळे अगदी कोरडेही नसावेत आणि वाहतच राहू नयेत, इतकंच तो म्हणतो. दुसऱ्याच्या घरी सांत्वनाला गेलात तर तत्त्वज्ञान सांगू नका. एपिक्टीटससुद्धा शोक करणाऱ्यासोबत शोक करायला सांगतो. डबा घेऊन जा, शेजारी बसा, कागदपत्रांची धावपळ असेल तर ती अंगावर घ्या. तेराव्यानंतर, जेव्हा येणारे-जाणारे थांबतात, तेव्हा परत जा. स्वतःची वही कधी उघडायची हे तुमचं तुम्हाला कळेल, आणि उघडाल तेव्हा पुन्हा पहिल्या ओळीपासूनच: काय घडलं?